पॉइंट्सवर विम्बल्डन: सीट, व्हिसा, हॉटेल आणि रांग, कुठलं काम कधी करायचं

विम्बल्डन एकदा तरी प्रत्यक्ष बघायचंच असं म्हणणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यातले बरेच जण काय करतात, तर आधी कोणीतरी सांगितलं म्हणून क्रेडिट कार्ड घेतात, मग दोन वर्षं पॉइंट्स जमवतात, मग तारखा बघायला बसतात आणि तेव्हा कळतं की आपले पॉइंट्स ज्या एअरलाइनला जातात तिच्या विमानात त्या आठवड्यात पॉइंट्सवाली एक पण सीट शिल्लक नाहीये. मग ते पॉइंट्स मिक्सर नाहीतर व्हाउचरमध्ये जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण तेच पॉइंट्स नीट वापरले असते तर दोघांचं जायचं यायचं निघालं असतं.

म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे. आधी इव्हेंट, मग तारखा, मग सीट, मग पॉइंट्स, आणि कार्ड सगळ्यात शेवटी. उदाहरण विम्बल्डनचं घेतलंय कारण ते दर वर्षी होतं, तारखा खूप आधी कळतात आणि तिकीट आधी हातात नसलं तरी आत जायचा सरळ मार्ग तिथे आहे. हीच पद्धत ऑस्ट्रेलियातल्या बॉक्सिंग डे टेस्टला किंवा सिंगापूरच्या एफ वन रेसला पण चालते, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

आधी तिकिटाचं काय ते समजून घ्या

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आपले पॉइंट्स विमानाला आणि राहायला कामाला येतात, मॅचच्या तिकिटाला जवळजवळ नाहीच. कार्डच्या कन्सिअर्जला (कार्डधारकांची बुकिंगची कामं करून देणाऱ्या माणसाला) फोन केला की तो सेंटर कोर्टचं, म्हणजे तिथल्या मुख्य कोर्टाचं, तिकीट आणून देईल अशी समजूत असेल तर ती सोडून द्या, तो फार तर महागडं हॉस्पिटॅलिटी पॅकेज सुचवेल आणि त्याचे पैसे आपल्यालाच भरायचे असतात.

सामान्य माणसासाठी खरे मार्ग दोनच. एक म्हणजे पब्लिक बॅलट, म्हणजे तिकिटांची सोडत. साधारण आधीच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये दोनेक आठवडे तो उघडतो, त्यांच्या वेबसाइटवर मायविम्बल्डन नावाचं अकाउंट काढून अर्ज टाकायचा, भारतातून पण टाकता येतो. दिवस आणि कोर्ट आपण निवडायचं नसतं, नाव निघालं तर जे देतील ते घ्यायचं किंवा नाही म्हणायचं. नवऱ्याने एक बायकोने एक असं करायचं डोक्यात असेल तर त्या वर्षीचे नियम आधी वाचा, कारण डुप्लिकेट वाटलेले अर्ज सरळ बाद होतात. दुसरा मार्ग म्हणजे द क्यू, म्हणजे रांग, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो कारण आपल्यासारख्यांसाठी तीच खरी सोय आहे.

बाहेरच्या साइटवर किंवा कोणा ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून तिकीट घेऊ नका. डिबेंचरची (क्लबमध्ये मोठी रक्कम गुंतवून सीट राखून ठेवणाऱ्यांची) तिकिटं सोडली तर विम्बल्डनची तिकिटं दुसऱ्याला विकता येत नाहीत, पकडलं तर गेटवरून परत पाठवतात, आणि मुंबईहून तिथपर्यंत जाऊन गेटवरून परत फिरायचं हा प्रसंग कोणावरच येऊ नये.

तारखा

स्पर्धा जूनच्या शेवटच्या सोमवारी किंवा त्याच्या आगेमागे सुरू होते आणि चौदा दिवस चालते. २०२५ ला ३० जून ते १३ जुलै होती, २०२६ ला २९ जून ते १२ जुलै. आधी मधल्या रविवारी सुट्टी असायची पण २०२२ पासून त्या दिवशी पण खेळ असतो.

माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा जात असाल तर पहिला आठवडा धरा. फायनलच्या मागे लागू नका. पुरुष आणि महिला दोन्ही एकेरीत १२८-१२८ खेळाडू असतात, त्यामुळे पहिल्या तीन-चार दिवसात सगळीकडे मॅचेस चालू असतात, लहान कोर्टांवर तुम्ही खेळाडूपासून दहा फुटांवर बसता, एका दिवसात पाच-सहा मॅचेस बघून होतात. दुसऱ्या आठवड्यात बाहेरच्या कोर्टांवर मुख्यतः डबल्स आणि ज्युनिअर उरतात. शिवाय सोमवार ते गुरुवार धरलं तर विमानाच्या सीट पण वीकेंडपेक्षा बऱ्या मिळतात.

आपल्याकडची अडचण म्हणजे शाळा. राज्य बोर्डाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे मुलांना घेऊन जायचं तर सुरुवातीलाच दहा दिवस बुडतात. ज्यांची मुलं मोठी झालीत किंवा आजीआजोबा सांभाळायला आहेत त्यांनी दोघांनीच जावं, चौघांच्या पॉइंट्सच्या सीट एकाच विमानात मिळणं तसंही फार अवघड असतं.

आणि हो, पाऊस. जूनच्या शेवटी मुंबईत काय असतं ते वेगळं सांगायला नको. विमान लेट होऊ शकतं, त्यामुळे ज्या दिवशी मॅच बघायची त्याच्या निदान दोन दिवस आधी लंडनला पोचायचं.

पॉइंटची किंमत काढायला शिका

हे जमलं की पुढचं सगळं सोपं आहे. समजा त्या तारखेचं मुंबई लंडन रिटर्न तिकीट ७०,००० रुपयांना आहे. तेच पॉइंट्सवर घेतलं तर ४०,००० माईल्स (माईल्स म्हणजे एअरलाइनचे पॉइंट्स) आणि वर २२,००० रुपये टॅक्स. म्हणजे माईल्सनी तुमचे वाचवले ४८,०००, त्याला ४०,००० ने भागा, आले १ रुपया २० पैसे. ही झाली त्या सीटवर तुमच्या एका माईलची किंमत. हे आकडे नुसते समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या तारखेचे खरे टाका.

आता हे कशाशी ताडायचं? तुमच्या बँकेच्या पोर्टलवर तोच पॉइंट किती रुपयांना जातो त्याच्याशी. एचडीएफसीच्या इन्फिनिया कार्डाला स्मार्टबाय या त्यांच्या पोर्टलवर विमानासाठी एका पॉइंटला १ रुपया मिळतो, पण बिलाच्या ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट्स लावता येतात, बाकीचे रोख भरायचे. त्यांच्याच रेगालिया गोल्ड कार्डाला तोच पॉइंट ५० पैशांना जातो. म्हणजे सारखेच एक लाख पॉइंट्स एकाकडे लाख रुपयांचे आणि दुसऱ्याकडे पन्नास हजारांचे. म्हणून नुसतं माझ्याकडे इतके पॉइंट्स आहेत याला काही अर्थ नाही, कुठल्या कार्डचे आणि कशावर वापरणार ते महत्त्वाचं.

एक नियम मी कायम पाळतो, पोर्टलवर मिळतात त्यापेक्षा माईल्समध्ये निदान पाव भाग तरी जास्त मिळत असेल तरच ट्रान्सफर करायचं, म्हणजे बँकेचे पॉइंट्स एअरलाइनला पाठवायचे. कारण पोर्टलवरून काढलेलं तिकीट हे साधं पैशाचं तिकीट असतं, सीट मिळेल का नाही ही कटकट नसते आणि त्यावर एअरलाइनचे माईल्स पण बहुतेक वेळा मिळतात.

लंडनच्या बाबतीत अजून एक. लंडनहून निघणाऱ्या विमानाला ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्युटी नावाचा टॅक्स लागतो आणि इकॉनॉमीच्या वरच्या कुठल्याही क्लासला तो दुपटीहून जास्त आहे. त्यात काही एअरलाइन्स स्वतःचा सरचार्ज लावतात. त्यामुळे बिझनेस क्लास फुकट मिळाला असं कोणी सांगितलं तर टॅक्स किती भरला ते आधी विचारा. जाताना वरच्या क्लासने आणि येताना इकॉनॉमीने हा चांगला तोडगा आहे, ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी जाताना आडवं होऊन जावं म्हणजे तिथे उतरल्यावर रांगेत बसायची ताकद राहते.

सीट शोधायची ती जवळजवळ एक वर्ष आधी

बऱ्याच मोठ्या एअरलाइन्स साधारण ३५५ दिवस आधी पॉइंट्सच्या सीट उघडतात. म्हणजे पुढच्या विम्बल्डनची सीट बघायची वेळ यंदाच्या जुलैमध्येच येते, यंदाची स्पर्धा टीव्हीवर चालू असते तेव्हाच. आणि परतीची सीट जायच्या सीटनंतर आठ-दहा दिवसांनी उघडते, तिची तारीख पण कॅलेंडरवर टाकून ठेवा.

मुंबईहून लंडनला सरळ जाणारी विमानं म्हणजे एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन अटलांटिक वगैरे. एअर इंडियाचा पॉइंट्सचा प्रोग्राम आता महाराजा क्लब या नावाने आहे, ब्रिटिश एअरवेजचे पॉइंट्स म्हणजे एव्हिऑस, आणि तेच एव्हिऑस कतार एअरवेजला पण चालतात त्यामुळे दोहामार्गे जायचा पर्याय आपोआप मिळतो. एअर फ्रान्स आणि केएलएमचा फ्लाइंग ब्लू, त्यात पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे जाता येतं, त्यांच्या दर महिन्याला प्रोमो रिवॉर्ड्स येतात त्यात ठराविक शहरांना कमी माईल्स लागतात. फक्त युरोपातून जाताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तुमच्या विमानतळाप्रमाणे आधी बघा. सिंगापूर एअरलाइन्सचा क्रिसफ्लायर चांगला प्रोग्राम आहे पण लंडनसाठी पूर्वेला जाऊन परत पश्चिमेला यायचं, त्यात काही अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सीट डोळ्यांनी दिसल्याशिवाय बँकेतून पॉइंट्स एअरलाइनला पाठवू नका. ट्रान्सफर एकदा झाली की परत येत नाही. काही प्रोग्रामला पॉइंट्स लगेच पोचतात, काहींना दोन-चार दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट गेली तर माईल्स तिकडे अडकून पडतात. म्हणून आधी एअरलाइनच्या साइटवर लॉगिन करून तारीख टाकून पेमेंटच्या पानापर्यंत जाऊन बघा, टॅक्स किती दिसतो तो लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी परत बघा सीट आहे का, आणि मग पाठवा. तुमच्या बँकेची ट्रान्सफर हळू असेल तर आधी अगदी थोडे पॉइंट्स पाठवून किती दिवस लागतात ते पाहून ठेवा. आणि एअरलाइनच्या अकाउंटवरचं नाव, कार्डवरचं नाव, पासपोर्टवरचं नाव तिन्ही सारखी हवीत. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, कुठे असतं कुठे नसतं, त्यावरून ट्रान्सफर अडकते, ते आधीच दुरुस्त करून घ्या.

ट्रान्सफरला लिमिट पण असतं. ॲक्सिस बँकेने पार्टनर एअरलाइन्स आणि हॉटेल्स दोन गटात वाटली आणि प्रत्येक गटाला वर्षाचं लिमिट लावलं. त्यामुळे डिसेंबरमध्ये थोडे आणि जानेवारीत थोडे असं दोन वर्षांत विभागून पाठवणारे लोक आहेत, पण हे तेव्हाच करा जेव्हा एअरलाइन ठरलीये.

दोघांचे पॉइंट्स एकत्र कसे करायचे? क्रिसफ्लायरमध्ये तुम्ही पाच जणांपर्यंत नॉमिनी टाकून त्यांच्यासाठी तुमच्या माईल्समधून तिकीट काढू शकता, ब्रिटिश एअरवेजला घरच्यांचं एकत्र अकाउंट करता येतं. एकाच्याच अकाउंटला सगळे जमवले तर सोपं पडतं. मुदतीवर पण लक्ष ठेवा, क्रिसफ्लायरचे माईल्स तीन वर्षांनी जातात, एव्हिऑस ३६ महिने काहीच हालचाल नसेल तर जातात, मॅरियट हॉटेल्सचे २४ महिन्यांनी.

पॉइंट्सच्या तिकिटाचा अजून एक मोठा फायदा कोणी फारसं सांगत नाही. ते बहुतेक ठिकाणी ठराविक फी भरून रद्द करता येतं, माईल्स आणि टॅक्स परत मिळतात. व्हिसा अजून हातात नाही, बॅलट लागेल का माहीत नाही, ऑफिसची रजा मंजूर नाही, अशा अवस्थेत वर्षभर आधी तिकीट काढायची हिंमत यामुळे होते. स्वस्तातलं पैशाचं तिकीट असतं तर रद्द केल्यावर हाती काहीच आलं नसतं. रद्द करायची फी किती आणि किती तास आधीपर्यंत, हे बुक करतानाच वाचून घ्या.

आता कार्ड

वर्षभराचा तुमचा नेहमीचा खर्च काढा. किराणा, वीज, मोबाइल, इन्शुरन्सचा हप्ता, ऑनलाइन खरेदी, प्रवास, मुलांची फी. यातून भाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये पैसे टाकणं आणि सरकारी भरणा वेगळा काढा कारण बऱ्याच कार्डांवर यावर पॉइंट्स मिळतच नाहीत, उलट भाड्यावर आणि वॉलेटवर वरून चार्ज लागतो. जे उरलं तो तुमचा खरा आकडा.

हा आकडा कमी असेल तर मोठ्या फीचं ट्रॅव्हल कार्ड घेऊ नका. साधं कॅशबॅक कार्ड घ्या आणि मिळालेला कॅशबॅक वेगळ्या खात्यात टाकत जा, त्यातून टॅक्स, व्हिसा आणि तिकडचा खर्च निघेल. आकडा चांगला असेल तर कार्ड निवडताना तीन गोष्टी बघा, तुम्ही वर ठरवलेल्या एअरलाइनला ट्रान्सफर होते का आणि कुठल्या रेशोने, फी भरल्यावर पहिल्या वर्षी बोनस काय, आणि वर्षाच्या कुठल्या खर्चाला माईलस्टोन बोनस (ठराविक खर्च गाठला की मिळणारे जादा पॉइंट्स) आहे. रेशो फार महत्त्वाचा, कुठे एका पॉइंटचा एक माईल तर कुठे दोन पॉइंट्सचा एक, आणि बँका नोटीस देऊन ते बदलत असतात, म्हणून पॉइंट्स चार-पाच वर्षं साठवून ठेवू नका, वापरा.

माईलस्टोनसाठी गरज नसताना खरेदी करायची नाही. इन्शुरन्सचा वर्षाचा हप्ता, दिवाळीची खरेदी, घरातलं एखादं मोठं यंत्र बदलायचंच असेल तर ते, हे खर्च एका वर्षात कसे बसतात ते बघा.

आणि बिल. दर महिन्याला पूर्ण भरायचं, मिनिमम ड्यू नाही, पूर्ण. ऑटो डेबिट पूर्ण रकमेवर लावा. महिन्याला ३.७५ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४५ टक्के, वर जीएसटी. दोन महिने बिल फिरवलं तरी वर्षभराचे पॉइंट्स व्याजात जातात. ज्यांची आत्ता बाकी थकलीये त्यांनी हा लेख इथेच थांबवून आधी ती फेडावी, विम्बल्डन १८७७ पासून चालू आहे, दोन वर्षांनी गेलात तरी ते तिथेच असेल. एकाच महिन्यात तीन-चार कार्डांना अर्ज पण करू नका, सिबिल स्कोअरवर परिणाम होतो, आणि घराचं कर्ज काढायचं असेल तर त्याच्या आधी तर अजिबात नाही.

राहायचं कुठे

लंडनची हॉटेल्स त्या पंधरवड्यात महागच असतात. तुमचे कोणी नातेवाईक हाउन्सलो, हॅरो, स्लाव अशा भागात असतील तर निःसंकोच विचारा, ते पॉइंट्सपेक्षा जास्त वाचवेल. हाउन्सलो ट्यूबच्या (लंडनच्या भुयारी रेल्वेच्या) पिकॅडिली लाइनवर आहे, तिथून अर्ल्स कोर्टला येऊन डिस्ट्रिक्ट लाइन पकडली की साउथफील्ड्स स्टेशन, तेच विम्बल्डनच्या रांगेचं स्टेशन.

हॉटेलच घ्यायचं तर डिस्ट्रिक्ट लाइनच्या विम्बल्डनकडे जाणाऱ्या फाट्यावर बघा, अर्ल्स कोर्ट, फुलहॅम, पुटनी हा पट्टा. मॅरियटमध्ये पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या तर त्यातल्या सगळ्यात स्वस्त रात्रीचे पॉइंट्स लागत नाहीत, म्हणजे चारच्या पॉइंट्समध्ये पाच रात्री. हा फायदा सगळ्या मेंबरना आहे, फक्त पाचही रात्री एकाच बुकिंगमध्ये हव्यात. एचडीएफसीच्या मॅरियट कार्डवर मिळणारी फ्री नाइट १५,००० पॉइंट्सपर्यंतच्या हॉटेलला चालते, जुलैत लंडनमध्ये तेवढ्यात मिळणं अवघड, पण तुमचे स्वतःचे काही पॉइंट्स वर टाकून त्याहून जास्त पॉइंट्सचं हॉटेल घेता येतं, किती टाकता येतात ते आधी बघा.

अकॉर या हॉटेल ग्रुपचं वेगळं आहे, तिथे २,००० पॉइंट्सचे सरळ ४० युरो बिलातून वजा होतात, कधीही. गर्दीच्या दिवसात खोली पैशाने उपलब्ध असली की पॉइंट्स पण लागतात, शोधाशोध नाही. ज्यांना जास्त डोकं लावायचं नाही त्यांच्यासाठी हे बरं.

रद्द करता येणारं बुकिंगच घ्या, आणि दर महिन्याला एकदा परत बघा, कमी पॉइंट्सला दिसलं तर नवीन घेऊन जुनं सोडा.

व्हिसा

ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा, सहा महिन्यांचा. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो, म्हणजे जूनच्या शेवटी जायचं तर एप्रिलच्या सुरुवातीला. फी एप्रिल २०२५ पासून १२७ पाउंड झाली होती, नंतरचा आकडा सरकारी साइटवर बघा. बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो) मुंबईला किंवा पुण्याला व्हीएफएसमध्ये, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात, देता येतं. साधारण तीन आठवड्यात निर्णय येतो पण उन्हाळ्यात गर्दी असते, मेपर्यंत लांबवू नका.

पॉइंट्सवर तिकीट असलं की काही जणांना भीती वाटते की बँक स्टेटमेंटमध्ये तिकिटाचे पैसे दिसत नाहीत. त्यात काही चूक नाही. विमान आणि हॉटेल पॉइंट्सवर घेतलंय असं कव्हरिंग लेटरमध्ये एका ओळीत लिहा आणि बुकिंगची प्रिंट जोडा. बाकी पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, रजेचं पत्र. अर्जाच्या आधी खात्यात अचानक मोठी रक्कम आणून टाकू नका, त्याचा खुलासा द्यावा लागतो.

रांग

विम्बल्डनची रांग हा एक वेगळाच अनुभव आहे आणि मला तर वाटतं बॅलटचं तिकीट लागलं तरी एक दिवस रांगेतून जावं. रोज सेंटर कोर्ट, नंबर वन आणि नंबर टू कोर्टाची साधारण ५००-५०० तिकिटं रांगेतल्या लोकांसाठी ठेवलेली असतात, सेंटर कोर्टाची शेवटचे चार दिवस सोडून. शिवाय हजारो ग्राउंड पास, ते पहिल्या आठवड्यात ३० पाउंडच्या आसपास असतात. ग्राउंड पासवर बाहेरच्या सगळ्या कोर्टांवर आणि त्या प्रसिद्ध टेकडीवर मोठ्या स्क्रीनसमोर बसता येतं.

विम्बल्डन पार्कमध्ये पोचलात की शेवटच्या माणसाच्या मागे उभं राहायचं, स्टुअर्ड (रांगेची व्यवस्था बघणारा माणूस) तुम्हाला नंबर असलेलं क्यू कार्ड देतो. ते जपायचं. एका माणसाला एकच, एकाने येऊन चौघांची जागा धरायची पद्धत तिथे चालत नाही. जागेवरून अर्ध्या तासापेक्षा जास्त लांब राहायचं नाही. सेंटर कोर्ट हवं असेल तर आदल्या दिवशी येऊन तंबूत झोपावं लागतं, तंबू दोन माणसांचा, पहाटे ते उठवतात, तंबू गुंडाळून क्लोकरूमला पैसे देऊन ठेवायचा. तंबू भारतातून नेऊ नका, तिथे स्वस्तात मिळतो, पण रेनकोट आणि एक जाड चादर मात्र घरून न्या, जूनच्या शेवटी पण रात्री थंडी वाजते. नुसत्या ग्राउंड पाससाठी सकाळी लवकर, पहिल्या ट्रेनने गेलात तरी चांगली संधी असते.

आत बॅग एकच, ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरच्या आतली. घरचं खाणं चालतं, त्यामुळे ठेपले, दशम्या, चटणी जे काय नेलंय ते बिनधास्त काढा. बाहेरच्या कोर्टांवर खेळ ११ ला सुरू होतो, नंबर वनवर १ ला, सेंटर कोर्टवर दीडला. पाऊस आला तर छप्पर फक्त सेंटर आणि नंबर वनला आहे. दुपारनंतर जे लोक घरी जातात त्यांची शो कोर्टाची (मोठ्या कोर्टांची) तिकिटं परत विकली जातात, तुमच्याकडे ग्राउंड पास असेल तर विम्बल्डनच्या ॲपवरून त्यासाठी नंबर लावता येतो आणि पैसे तिथल्या चॅरिटीला जातात. म्हणून ॲप आणि अकाउंट भारतातूनच तयार करून न्या.

तिकडे कार्ड वापरताना

निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही सुरू करा, २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर ते बंदच येतं. विम्बल्डनच्या आवारात रोख चालत नाही, सगळं कार्डावर, स्ट्रॉबेरी पण. (वर्षानुवर्षं अडीच पाउंड असलेली ती स्ट्रॉबेरी २०२५ ला २ पाउंड ७० पेन्स झाली, तरी तिथल्या सगळ्यात स्वस्त गोष्टींपैकी तीच.)

नेहमीच्या कार्डावर फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो चार्ज) ३.५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. म्हणजे लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये जास्त. झिरो फॉरेक्सवालं एक कार्ड फक्त प्रवासासाठी ठेवलं तर हे वाचतं. मशीनवर पाउंडात घेऊ का रुपयात असं विचारलं तर नेहमी पाउंड. रुपयात म्हटलं की दुकानदाराच्या बाजूचा रेट लागतो आणि वर आपली बँक पण वेगळा चार्ज लावू शकते. ट्यूबमध्ये दिवसभर एकच कार्ड टॅप करा, दिवसाच्या भाड्याला वरची मर्यादा असते, पण ती एकाच कार्डावर मोजली जाते. दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात, एकावर दोघं जाता येत नाही. एटीएममधून क्रेडिट कार्डावर पैसे काढायचे नाहीत, त्या दिवसापासून व्याज चालू होतं.

दुसऱ्या बँकेचं एक जादा कार्ड वेगळ्या बॅगेत ठेवा. ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर चालू राहील हे बघा, डेटा नको, नुसते मेसेज आले तरी पुरे.

कार्डावर विमानतळाचं लाउंज मिळतंय का ते निघायच्या आधीच्या तिमाहीत बघा, कारण आता बऱ्याच कार्डांना आधीच्या तीन महिन्यात ठराविक खर्च केला असेल तरच मिळतं. कार्डवरचा प्रवास विमा बहुतेक तिकीट त्याच कार्डावर काढलं असेल तरच लागू होतो, पॉइंट्सच्या तिकिटाचा टॅक्स कार्डावर भरला तर चालतं का हे बँकेकडून ईमेलवर लिहून घ्या. आणि आजारपणासाठी त्यावर भरवसा ठेवू नका, वेगळा मेडिकल ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या, थोडक्या पैशात येतो.

दुसरा इव्हेंट असेल तर

मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट असेल तर २६ डिसेंबर ही तारीख पक्की, पण ख्रिसमसच्या सुट्ट्यांमुळे पॉइंट्सच्या सीट फार लवकर संपतात, म्हणून आदल्या जानेवारीतच शोध सुरू करा आणि क्रिसफ्लायर आधी बघा, सिंगापूरमार्गे तो सरळ रस्ता आहे. भारत खेळत असेल तर स्टेडियम भरतं, २०२४ ला पाच दिवसात ३,७३,६९१ लोक आले होते, तेव्हा मॅचचं तिकीट विक्री उघडल्या दिवशीच घ्या. सिंगापूरच्या रात्रीच्या रेसला विमान स्वस्त आणि हॉटेल महाग, तिथे पॉइंट्स हॉटेलला घाला आणि विमान पैशाने काढा. म्हणजे जी गोष्ट त्या आठवड्यात सगळ्यात महागते तिथे पॉइंट्स लावायचे.

परत आल्यावर

बोर्डिंग पास फेकू नका. महिन्याभरात स्टेटमेंट एक-एक ओळ बघून घ्या, हॉटेलने डिपॉझिट म्हणून अडवलेली रक्कम सुटली का ते बघा, दोनदा लागलेला व्यवहार दिसला तर लगेच डिस्प्यूट टाका. पैशाने काढलेल्या तिकिटाचे माईल्स आले नसतील तर एअरलाइनच्या साइटवर मिसिंग माईल्सचा क्लेम करता येतो, त्याला मुदत असते आणि तेव्हा बोर्डिंग पासचा फोटो लागतो. आणि कार्डची वार्षिक फी कधी लागणार ती तारीख बघा. फी माफ होण्याइतका खर्च झाला नसेल आणि कार्डचं काम झालं असेल तर पॉइंट्स आधी वापरून किंवा ट्रान्सफर करून मगच कार्ड बंद करा, बंद केल्यावर उरलेले पॉइंट्स बहुतेक बँकांमध्ये जातात.